सहावी जोडी

गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५

आज दसरा. कामावर जाण्याआधी पूजा उरकली. झेंडू इथे मिळत नाही, सुपरमार्केटातल्या पिवळ्या शेवंतीवर भागवलं. पाटावर लॅपटॉप, हत्यारांचा डबा आणि यंदा एक नवीन पाहुणा, स्कीची जोडी. जवळच्या बॅलिनकॉलिग गावातल्या एका आजोबांनी गुडघे गेले म्हणून विकायला काढली होती, ती मी रविवारी आणली. पाटावर मावेना. मग भिंतीला टेकवून उभी केली आणि दोन्ही टोकांना गंध लावलं.

स्वरूपाला फोटो पाठवला. पुण्याहून लगेच उत्तर आलं, "हे लांबडं काय आहे? आणि कोणाचं?" माझं, असं लिहिलं. त्यावर तिने भुवई उंचावलेला चेहरा पाठवला. बायकोची ती भुवई मला फोनशिवायही दिसते.

झालं ते असं. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर डेक्लन बसतो. तो आणि आणखी चौघं दर जानेवारीत आठवडाभर ऑस्ट्रियाला स्कीइंगला जातात. गेल्या शुक्रवारी कॅन्टीनमध्ये त्याच गप्पा चालल्या होत्या आणि डेक्लन मला म्हणाला, "नरेश, तुला एकदा आमच्याबरोबर यायलाच लागेल. तुला भयंकर आवडेल." मला आयर्लंडला, या कॉर्क शहरात येऊन सहा वर्षं झाली. इतक्या सरळ शब्दांत मला कुणी कुठे बोलावलं नव्हतं. मग तो म्हणाला, आमच्या सगळ्यांच्या स्की जानेवारीपासून शेडमध्ये गंजत पडल्यात, त्यांना धार आणि मेण करणारा इथे जवळ कुणी नाही. मी म्हटलं, मी करून देतो.

का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. तोवर मी स्कीला हातही लावला नव्हता. पण गोळ्या पाडणारी चाळीस मशिनं ज्याने तपासून पास केली, त्याला दोन पट्ट्या घासता येणार नाहीत असं काही नाही. ही वही त्यासाठीच. आमच्या औषधाच्या कारखान्यात एक नियम आहे, जे लिहिलं नाही ते घडलंच नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

रविवारचा फोन. आधी अनुया. ती अकराची झाली. इथे होती तेव्हा मी मराठीत विचारायचो आणि ती कॉर्कच्या हेलात इंग्रजीतून उत्तर द्यायची. पुण्यात दीड वर्ष काढून आता फाडफाड मराठी बोलते. फक्त कसं चाललंय विचारलं की अजून इथल्यासारखं 'ग्रँड' म्हणते, म्हणजे मजेत. ते ऐकलं की मला बरं वाटतं.

मग स्वरूपा. इथल्या शाळेने अनुयाची जागा तीस जानेवारीपर्यंत राखून ठेवली आहे. तोवर ठरवायचं, त्या दोघी इकडे परत येणार की मी इथलं आवरून पुण्याला जाणार. दीड वर्ष आम्ही हे ठरवतोय.

स्वरूपा भांडून गेली नाही. फिजिओथेरपिस्ट असूनही चार वर्षं घरात बसली आणि एक दिवस म्हणाली, "नरेश, इथे सगळे छान हसतात, मग दार लावून घेतात." मी म्हणालो होतो, तू प्रयत्न करत नाहीस, माणसं चांगली आहेत. ते मी बोललो नसतो तर बरं झालं असतं.

आज तिने परत तेच विचारलं. "मला तिथलं घर, पगार, हवा काही सांगू नकोस. एवढंच सांग, न विचारता जाऊन बसता येईल असं एक तरी घर तुला आहे का तिथे?"

मी म्हटलं, जानेवारीत माझे मित्र मला ऑस्ट्रियाला नेतायत. त्यावर तिने विषय बदलला. वादात मी जिंकलो असं मला वाटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ चांगला गेला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

पहिला प्रयोग माझ्याच जोडीवर. व्हिडिओत बघून सगळं समजलं होतं. स्की उलटी ठेवायची, तळ पुसायचा, मेणाची वडी इस्त्रीला टेकवायची की थेंब पडत जातात, मग त्या थेंबांवरून इस्त्री फिरवायची. मेण तळाच्या बारीक छिद्रांत मुरतं. सोपं काम.

स्कीसाठी वेगळी इस्त्री मिळते, तिला वाफेची भोकं नसतात. मी म्हटलं, इस्त्री ती इस्त्री. घरातलीच घेतली आणि सुती कपड्यांवर लावली. अर्ध्या मिनिटात धूर. मी इस्त्री उचलायच्या ऐवजी धुराकडे बघत राहिलो, तेवढ्यात तळाला रुपयाएवढा फोड आला आणि जिन्यातला स्मोक अलार्म किंचाळायला लागला. शिडी शेडमध्ये, शेडची किल्ली सापडेना. अकरा मिनिटं वाजला. घड्याळ बघितलं म्हणून माहीत आहे.

दोन्ही बाजूंना लागून घरं आहेत. दोघांच्याही गाड्या दारात होत्या. कोणी आलं नाही. इथे लोक दुसऱ्याच्या खासगीपणाला जपतात, हे मला पहिल्यापासून आवडतं.

रविवार, १९ ऑक्टोबर

स्कीची इस्त्री आली. एकशेवीस डिग्री, थर्मामीटर लावून खात्री केली. इस्त्री थांबवायची नाही, सारखी पुढे सरकवत राहायची. मागे ओल्या मेणाची वीतभर चकाकी राहिली पाहिजे. आज ती राहिली. मी एकट्यानेच 'वा' म्हटलं.

त्यानंतरचं मात्र मला पटायला वेळ लागला. तासभर थंड होऊ द्यायचं आणि मग प्लास्टिकच्या पट्टीने सगळं मेण खरवडून काढायचं. सगळं म्हणजे सगळं. वर दिसेल तेवढं काढायचं, आत मुरलेलं तेवढंच कामाचं. मी पहिल्यांदा जिवावर आलं म्हणून थोडं ठेवलं होतं, तर व्हिडिओतला बाबा म्हणतो, मेण दिसत असेल तर स्की बर्फाला चिकटेल.

खरवडलेले पांढरे कीस घरमालकाच्या गालिच्यात जाऊन बसले. तपकिरी कागद ठेवून त्यावरून जुनी इस्त्री फिरवली, तेव्हा निघाले. स्वरूपा असती तर हे काम बागेत करायला लावलं असतं, आणि बागेत पाऊस आहे म्हटलं असतं तर मग करूच नकोस म्हणाली असती.

शनिवार, २५ ऑक्टोबर

मराठी मंडळाचा दिवाळी फराळ, शाळेच्या हॉलमध्ये. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. स्वरूपा होती तेव्हा आमच्याकडे अनारसे असायचे आणि लोक आधी विचारून ठेवायचे. एकट्या पुरुषाला पेपर प्लेट्स आणायला सांगतात. मी शंभर नेल्या.

सगळे तिशीतले, कडेवर पोरं. हर्षवर्धन म्हणून एक नवीन मुलगा आलाय, चिप कंपनीत. त्याला मी धारेचा कोन समजावून सांगत होतो. "काका, भारीच," म्हणाला आणि बायकोने हाक मारल्यासारखं करून गेला. हाक मी तरी ऐकली नाही. मला काका म्हणाला. मी सेहेचाळीसचा आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

डेक्लन पाच जोड्या घेऊन आला. त्याची, त्याच्या बायकोची, ऑफिसातल्या ग्रॉनियाची आणि पॅकेजिंगमधल्या दोघा भावांची. मी सकाळपासून पोहे करून ठेवले होते, मिरची कमी घालून. त्याने गाडी बंदच केली नाही. जोड्या दारातल्या पायरीवर उतरवल्या.

"आत ये, चहा टाकतो," मी म्हटलं.

"नको रे, तू फार चांगला आहेस. ही सगळी कामं आटपायचीत." मग पेटीकडे, म्हणजे माझ्या अवजारांकडे डोकावून म्हणाला, "जीझस, नरेश, तू तर दुकानच टाकलंस."

ते ऐकून फार बरं वाटलं. पोहे मी दोन दिवस खाल्ले.

सोमवार, १० नोव्हेंबर

डेक्लनला ईमेल केली. प्रवासाच्या तारखा, विमान, खोल्या, माझा वाटा कधी पाठवू. मुद्देसूद, तीनच ओळी. त्याने उत्तर लिहिलं नाही, टेबलाशी येऊन सांगितलं, "बघतो मी. माझ्यावर सोड."

माझ्यावर सोड म्हटल्यावर माणसाने अंगावरच घेतलं की. मी सोडलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज ग्रॉनियाची जोडी. ती आमच्या लॅबमध्ये आहे, कमी बोलते. तिच्या स्कीच्या तळाला दगडाने लांब चर पाडली होती. त्यासाठी काळ्या प्लास्टिकची कांडी मिळते. ती पेटवायची आणि थेंब थेंब चरीत सोडायचे, मग गार झाल्यावर पातं फिरवून सपाट करायचं. तीनदा करावं लागलं. चौथ्यांदा बोट फिरवलं तर चर कुठे होती ते मलाच कळेना.

धारेचं काम अवघड. लोखंडी कडेला कानस लावायची ती अठ्ठ्याऐंशी अंशांत, एकाच दिशेने, लांब हात मारत. कडेला धार आली का हे बघायला नखाचा कीस काढून बघतात. मी नख सोडून बोटच कापून घेतलं. डाव्या हाताचं मधलं. पट्टी एका हाताने बांधणं हे कानशीपेक्षा अवघड आहे.

प्रत्येक जोडीसाठी मी कागद बनवला आहे. इस्त्रीचं तापमान, मेणाचा रंग, किती वेळ थंड केलं, कोन किती. खाली कारखान्यातल्यासारख्या दोन ओळी, 'काम केले' आणि 'तपासले'. कारखान्यात दुसरी सही नसेल तर लाखाची बॅचही बाहेर जात नाही, आणि काम करणाऱ्याने स्वतःच तपासायचं नाही. 'काम केले' वर सही केली. 'तपासले' वर कोणाची घेणार? पाचही कागदांवर ती ओळ रिकामी आहे. ओळ काढून टाकता आली असती. पण फॉर्म म्हणजे फॉर्म.

शनिवार, ६ डिसेंबर

हे लिहायचं नव्हतं, पण नियम म्हणजे नियम.

ऑस्ट्रियाला जायचं तर उभं राहता तरी आलं पाहिजे. डब्लिनजवळ डोंगरावर एक कृत्रिम उतार आहे. बर्फ नाही, दातांच्या ब्रशसारख्या प्लास्टिकच्या केसांचा गालिचा, त्यावर पाणी मारत राहतात. नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. माझी जोडी, महिनाभर राबून चकचकीत केलेली, कपड्यात गुंडाळून कॉर्कहून ट्रेनने नेली. वरच्या फळीवर मावेना, म्हणून अडीच तास मांडीत आडवी. समोरच्या बाईंनी विचारलं, स्कीइंगला का? मी म्हटलं, हो, मित्रांबरोबर. मित्र त्या क्षणी कॉर्कमध्ये होते, पण वाक्य खोटं नव्हतं.

तिथल्या मास्तरीण बाई वीसेक वर्षांच्या. त्यांनी माझी जोडी उचलली, तळावरून हात फिरवला आणि विचारलं, "कोणी केलंय हे?" मी म्हटलं, मी. "सुरेख काम आहे. ही इथे वापरू नका, गालिचा दहा मिनिटांत तळ खाऊन टाकेल. आमच्या भाड्याच्या घ्या." मग माझी जोडी दिवसभर त्यांच्या कपाटात.

वर्गात मी आणि एका वाढदिवसाची नऊ पोरं. मी अकरा वेळा पडलो. एक मुलगी दरवेळी थांबून 'आर यू ओके?' विचारायची. शेवटी मी तिला सांगितलं की नाही विचारलंस तरी चालेल. पण तिने विचारलं ते मला आवडलं. दिवसभरात दोघीच माझ्याशी नीट बोलल्या, ही आणि मास्तरीण बाई.

शुक्रवार, १९ डिसेंबर

ऑफिसची ख्रिसमस पार्टी. आवाजात कुणाचंच ऐकू येत नव्हतं. डेक्लनने माझ्या खांद्यावर हात टाकून एका अनोळखी माणसाला सांगितलं, "हा आमचा नरेश. आमच्या स्कीचा डॉक्टर." मी हीच वेळ साधून विचारलं, बुकिंग झालं का? तो म्हणाला, "अरे सगळं ग्रँड आहे, एकदम ग्रँड." आणि ग्लास आणायला गेला.

सगळं ग्रँड आहे म्हणजे झालं असणार. आपल्याकडेही 'या एकदा घरी' म्हणतात आणि कोणी जात नाही, ते मला कळतं. पण त्यात आणि यात फरक आहे. इथे पाच जोड्या माझ्या घरात आहेत. कोणी आपल्या वस्तू उगाच कोणाकडे ठेवत नाही.

मैत्री म्हणजे काही टॅब्लेटची बॅच नाही, प्रत्येक गोष्ट लिहून मागायला.

गुरुवार, २५ डिसेंबर

बस बंद, दुकानं बंद. रस्त्यावर एक माणूस नाही. दोन वेळा फिरून आलो. खिचडी केली. जोडी क्रमांक चारला परत एकदा मेण केलं, खरं म्हणजे गरज नव्हती.

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

सतरा ते चोवीस रजा मंजूर. साहेबांनी विचारलं, घरी का? मी म्हटलं, ऑस्ट्रिया. ते म्हणाले, छान, तिकडे कोण आहे?

डेक्लनला जिन्यात गाठलं. "शनिवारी किती वाजता निघायचं?" त्याने माझ्याकडे एक क्षण बघितलं. "आम्ही पहाटे चारच्या बसने," तो म्हणाला. "शुक्रवारी संध्याकाळी येऊन आम्ही स्की घेऊन जाऊ, चालेल ना?" चालेल म्हटलं. चारची बस माझ्याही घरावरून जाते, म्हणजे मला तिथेच चढता येईल.

बॅग भरली. लोकरीचे मोजे चार, लाडू डबाभर. लाडू मी केले. सहा जणांना दोन दोन दिवस पुरतील.

शुक्रवार, १६ जानेवारी

जे घडलं ते लिहितो.

सहा वाजता डेक्लन आणि ग्रॉनिया आले. जोड्या मी पॅसेजमध्ये ओळीने उभ्या केल्या होत्या, बुटाजवळचे ब्रेक रबराने मागे बांधून, प्रत्येकीवर कागद. शेवटी माझी, आणि तिच्याशेजारी माझी बॅग. डेक्लनने कागद वाचायला घेतला आणि हसून हसून भिंतीला टेकला. "कूलिंग टाइम एक तास चार मिनिटं! नरेश, तू महान आहेस." त्यात वाईट काही नव्हतं. तो खरंच खूश होता.

ग्रॉनिया हसली नाही. ती तिच्या स्कीवर जिथे चर होती तिथे अंगठा फिरवत होती. मग तिने ओळ मोजली.

"ही सहावी कोणाची?"

"माझी," मी म्हटलं.

तिने बॅगेकडे बघितलं. बॅगेवर मी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली होती, नाव आणि खाली 'ऑस्ट्रिया'. आमची सवय, लेबल लावल्याशिवाय काही ठेवायचं नाही. तिने ती वाचली. डेक्लनने तिच्या नजरेमागून बघितलं आणि त्याचं हसू हळूहळू गेलं.

"नरेश," ती म्हणाली, "तुला यायचं होतं का?"

कोणी ओरडलं असतं तर सोपं गेलं असतं. डेक्लन म्हणाला, "अरे देवा. मला वाटलं, तू नुसतं, म्हणजे तुला हे काम आवडतं म्हणून. तिथलं घर पाच जणांचंच आहे रे, मे महिन्यातच भाड्याने घेतलं होतं." त्याचे कान लाल झाले होते. मला त्याचीच दया आली. त्याने मला फसवलं नव्हतं. तो फक्त सप्टेंबरमध्ये कॅन्टीनमध्ये चांगलं काहीतरी बोलला होता.

मी म्हटलं, नाही नाही, मी पुण्याला चाललोय. ती जोडी सरावाची. लेबल जुनं आहे.

दोघांनीही विश्वास ठेवल्यासारखं केलं. मी लाडवांचा डबा दिला. जोड्या गाडीत ठेवायला मदत केली. ग्रॉनियाने जाताना माझा हात दाबला. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी हात हलवत होतो.

मला लाज वाटते. राग नाही, लाज. चार महिने मी माणसांची वाट बघत त्यांच्या वस्तू घासत बसलो आणि ते मी सोडून सगळ्यांना दिसत होतं.

रविवार, १८ जानेवारी

पडदे ओढलेले. शेजाऱ्यांना मी जाणार असं सांगून ठेवलं होतं, कुंडीला पाणी घालाल का म्हणून. आता कोणत्या तोंडाने बाहेर पडू. दूध संपलं.

रविवारचा फोन घेतला नाही. 'डोंगरात नेटवर्क नाही' असं लिहिलं.

सोमवार, १९ जानेवारी

डेक्लनने फोटो पाठवला. बर्फात पाच जोड्या ओळीने खोचलेल्या, मागे निळं आकाश. 'उडतायत नुसत्या! तू ग्रेट आहेस.' खाली लाडवाचा फोटो, अर्धा खाल्लेला.

पहिला फोटो तसाच स्वरूपाला पाठवून दिला. तिने काही लिहिलं नाही. अनुयाने आईच्या फोनवरून विचारलं, "बाबा, तू कुठे आहेस यात?"

"फोटो मीच काढला ना," असं मी माझ्या मुलीला लिहिलं.

बुधवार, २१ जानेवारी

स्वरूपाचा निरोप. 'शाळेला हो कळवते. क्लिनिकला नोटीस देते. जूनमध्ये आम्ही येतो.'

एवढंच. दीड वर्ष मी या तीन वाक्यांची वाट बघत होतो. आनंदाने उडी मारायला हवी होती. मी खुर्चीत बसलो तो बसलोच. ती तिची नोकरी सोडून, लेकीला उचलून, माझ्या मित्रांच्या भरवशावर इथे येणार, आणि जूनमध्ये विचारणार, कुठे आहेत रे ते? परत चार वर्षं ती खिडकीत बसेल आणि या वेळी तिला तिथे बसवणारा मी असेन.

न सांगता राहिलो तर त्या दोघी येतात. सांगितलं तर येत नाहीत. दिवसभर हेच फिरवत बसलो. मला त्या दोघी हव्या आहेत. इतक्या हव्या आहेत की न सांगण्याची कारणंही मी नीट मुद्देसूद लिहून काढली होती. तो कागद फाडला.

गुरुवार, २२ जानेवारी

दुपारी एकला फोन लावला, म्हणजे तिकडे संध्याकाळ. व्हिडिओ चालू ठेवला. दाढी आठवड्याची, मागे ओढलेला पडदा. स्वरूपाने ते सगळं बघून घेतलं.

मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. कॅन्टीन, पोहे, शंभर पेपर प्लेट्स, सहावी जोडी, लेबल. फोटो डेक्लनचा होता हेही. शेवटी मी म्हटलं, "शाळेला काही कळवू नकोस. क्लिनिकला पण नको. तू म्हणतेस तसं एकही घर मला इथे नाही. तुझंच बरोबर होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू गेला नाहीस ते. सोमवारीच कळलं. फोटोवर 'फॉरवर्डेड' लिहून आलं होतं, नरेश. आणि तू म्हणे कारखान्यात लोकांचे कागद तपासतोस."

मग आठवलं, सोमवारी कळलं आणि बुधवारी ती हो म्हणाली.

"मग हो कशाला म्हणालीस?"

"तुला खरंच मित्र असते तर मी नसते आले," स्वरूपा म्हणाली. "मला वाटलं असतं, तुझं तिथे बरं चाललंय. शाळेला मी कालच कळवलं." मग थोडं थांबून, "जेवलास का? खरं सांग."

मी म्हटलं, नाही.